स्टेंट टाकल्यानंतरच्या ‘रक्त पातळ’ गोळ्या: डोस कसा ठरतो आणि घरी कुठे चुकतो

परवा संध्याकाळी एक काकू काउंटरवर आल्या, काकांना स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकून तीन आठवडे झालेले. पिशवीतून गोळ्यांचे सगळे पत्ते काढून ठेवले आणि म्हणाल्या, “ताई, हे सगळं चालू आहे, परत तेच द्या.” बघितलं तर हॉस्पिटलने दिलेली ॲस्पिरिन ७५, टिकाग्रेलॉर ९० दिवसातून दोनदा, आणि त्यासोबत फॅमिली डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलेली कोलेस्टेरॉलची कॅप्सूल, जिच्यात ॲस्पिरिन १५० मिसळलेली. म्हणजे काका रोज २२५ एमजी ॲस्पिरिन घेत होते. टिकाग्रेलॉरसोबत ॲस्पिरिन १०० च्या वर जाऊ द्यायची नसते, टिकाग्रेलॉरचा फायदा कमी होतो आणि वर रक्तस्रावाचा धोका. डोस लिहिणाऱ्या दोघांचंही चुकलं नव्हतं, फक्त दोन चिठ्ठ्या एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

मी ठाण्यात फार्मसीच्या काउंटरवर उभी असते आणि हा प्रकार इतक्या वेळा बघते की शेवटी लिहायचं ठरवलं. हे पेशंटच्या घरच्यांसाठी आहे. डोस कमीजास्त करणं, गोळी बदलणं, बंद करणं हे कार्डिओलॉजिस्टच ठरवणार, त्यात आपण हात घालायचा नाही. पण त्यांना बरोबर ठरवता यावं म्हणून लागणारी माहिती आपण द्यायची असते, आणि ठरलेला डोस रोज पोटात बरोबर जातो की नाही हे फक्त घरातच कळतं. बहुतेक चुका तिथेच होतात.

टप्पा १: कागद आणि गोळ्या एका जागी आणा

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री हे करा, सकाळी रिक्षात बसताना नाही. डायनिंग टेबलवर घरातल्या पेशंटच्या सगळ्या गोळ्या ठेवायच्या. सगळ्या म्हणजे शुगरच्या, बीपीच्या, ॲसिडिटीच्या, गुडघ्यासाठी अधूनमधून घेतात त्या, आयुर्वेदिक काढे आणि कॅप्सूल, मुलाने परदेशातून आणलेलं फिश ऑइल, सगळं. लोक या शेवटच्या गोष्टी सांगतच नाहीत कारण त्यांना ते ‘औषध’ वाटत नाही.

कागदांमध्ये हवंय ते असं: डिस्चार्ज कार्ड, अँजिओप्लास्टीचा (म्हणजे स्टेंट टाकला त्या प्रक्रियेचा) रिपोर्ट, स्टेंटसोबत मिळालेलं कार्ड, आणि अलीकडचे सीबीसी (हिमोग्लोबिन, प्लेटलेट वगैरे) व क्रिएटिनिनचे (किडनीचे) रिपोर्ट. मग एका कोऱ्या कागदावर पुढच्या गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा, कारण दहा मिनिटांच्या ओपीडीत डॉक्टरांना फाइल चाळायला लावलं तर महत्त्वाचं राहून जातं:

स्टेंट कधी टाकला, तारीख. किती स्टेंट. हार्ट अटॅक येऊन टाकला की चालताना छातीत दुखायचं, ॲन्जिओग्राफी केली आणि ठरवून टाकला (हा फरक खूप मोठा आहे, खाली येईल). वय. आजचं वजन, म्हणजे आज काट्यावर उभं राहून घेतलेलं, लग्नातलं नाही. कधी पॅरालिसिसचा झटका किंवा थोडा वेळ तोंड वाकडं होऊन बरं झालं असं झालंय का. कधी पोटात अल्सर, काळी शी, रक्ताची उलटी, रक्त चढवावं लागलं का. हिमोग्लोबिन किती. प्लेटलेट किती. किडनीचा त्रास आहे का. पुढच्या वर्षभरात कुठलं ऑपरेशन ठरलंय का, मोतीबिंदू, हर्निया, गुडघे, काहीही.

थांबा, तपासा: यातलं एखादं उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर तसंच लिहा. अंदाजाने ‘नाही’ लिहू नका. आजोबांना वीस वर्षांपूर्वी हलका झटका येऊन गेला होता हे घरात फक्त आजीला आठवत असतं, तर आजीला विचारा.

टप्पा २: डोस म्हणजे चार गोष्टी, चारही लिहून घ्या

लोकांना डोस विचारला की फक्त आकडा सांगतात, “पंच्याहत्तर.” कशाचा पंच्याहत्तर? ॲस्पिरिनही ७५ येते आणि क्लोपिडोग्रेलही ७५ येते. म्हणून कागदावर चार रकाने आखा: औषधाचं मूळ नाव, किती एमजी, दिवसातून किती वेळा, आणि कुठल्या तारखेपर्यंत. चौथा रकाना जवळजवळ सगळ्या घरांत रिकामा सापडतो आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं.

तुमच्या कागदावर साधारण काय दिसेल ते सांगते, म्हणजे वेगळं काही दिसलं तर विचारता येईल.

ॲस्पिरिन रोज एकदा, ७५ ते १०० एमजी. आपल्याकडे बहुतेक ७५ ची गोळी मिळते. तिच्यासोबत दुसरी एक गोळी, आणि ती तीनपैकी एकच असते. क्लोपिडोग्रेल असेल तर ७५ एमजी रोज एकदा. टिकाग्रेलॉर असेल तर ९० एमजी दिवसातून दोनदा, म्हणजे चिठ्ठीवर १-०-१ किंवा बीडी. प्रासुग्रेल असेल तर १० एमजी एकदा, पण वजन ६० किलोच्या आत असेल किंवा वय ७५ किंवा जास्त असेल तर साधारण ५ एमजी, आणि वयस्क माणसाला ती देतानाच डॉक्टर दोनदा विचार करतात. ज्याला आधी पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय त्याला प्रासुग्रेल द्यायची नसते. आता कळलं ना टप्पा १ मध्ये वजन आणि झटक्याचं का विचारलं.

हॉस्पिटलमध्ये पहिल्या दिवशी एकदम मोठा डोस देतात, क्लोपिडोग्रेल ३०० किंवा ६००, टिकाग्रेलॉर १८०, प्रासुग्रेल ६०. तो फक्त सुरुवातीचा, औषध पटकन लागू पडावं म्हणून. डिस्चार्ज कार्डावर तो आकडा कुठेतरी लिहिलेला असतो आणि तो बघून घरी येऊन “चार गोळ्या एकदम घ्यायच्या का” असं विचारणारे मला भेटलेत. नाही. घरी चालू ठेवायचा डोस ‘डिस्चार्जवरची औषधं’ या मथळ्याखाली असतो, तोच बघायचा.

धोक्याची सूचना: ॲस्पिरिनसोबतची ती दुसरी गोळी एकच असली पाहिजे. क्लोपिडोग्रेल आणि टिकाग्रेलॉर दोन्ही चालू दिसले तर त्याच दिवशी फोन करा. बदलून दिलेली गोळी नवी आली आणि जुनी संपेपर्यंत “वाया कशाला घालवायची” म्हणून दोन्ही घेतल्या, असं खरंच होतं.

टप्पा ३: पत्त्याची मागची बाजू वाचा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला द्या. आपल्याकडे हृदयाच्या गोळ्यांमध्ये एकत्र गोळ्या भरपूर आहेत. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी एकत्र. तिन्ही एकत्र. ब्रँडच्या नावापुढे ‘ए’, ‘एएस’, ‘एव्ही’, ‘सीव्ही’, ‘गोल्ड’ असं काहीतरी शेपूट असतं आणि त्या शेपटातच सगळा फरक असतो. त्या अक्षरांचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून तो पाठ करत बसू नका, मागे बारीक अक्षरात कंपोझिशन लिहिलेलं असतं ते वाचा. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

आता प्रत्येक पत्ता हातात घ्या आणि तुमच्या चार रकान्यांच्या कागदावर त्यातला प्रत्येक घटक लिहा. एका कॅप्सूलमध्ये तीन औषधं असतील तर तीन ओळी. सगळं लिहून झालं की ॲस्पिरिनच्या सगळ्या ओळींची बेरीज करा. क्लोपिडोग्रेलच्या ओळींची बेरीज करा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनचीही करा, कारण तीही अशीच डबल होते. बेरीज डॉक्टरांनी लिहिलेल्यापेक्षा जास्त आली तर कुठलीही गोळी स्वतःहून काढून टाकू नका, कारण तुम्ही नेमकी चुकीची काढाल. कागदाचा फोटो डॉक्टरांना किंवा त्यांच्या असिस्टंटला पाठवा.

उलटही होतं. दुकानात लिहिलेला ब्रँड नसतो, दुसरा देतात, आणि एकत्र गोळीच्या जागी साधी जाते. मग ॲस्पिरिन चालू आहे पण क्लोपिडोग्रेल महिनाभर पोटात गेलेलीच नाही, आणि पेशंटला काहीच जाणवत नाही, कारण ही गोळी घेतली काय आणि नाही घेतली काय, अंगाला वेगळं काही वाटत नाही. स्टेंट बंद पडतो तेव्हाच कळतं. म्हणून ब्रँड बदलला की दुकानात उभ्या उभ्याच कंपोझिशन जुळवायचं. कंपनी बदलली तर चालेल, औषध आणि एमजी बदलता कामा नये.

थांबा, तपासा: घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हा कागद दाखवा आणि एक गोळी उचलून विचारा, “ही कशाची?” सून किंवा मुलगा सांगू शकला तर कागद नीट झालाय.

टप्पा ४: डॉक्टरांसमोर काय विचारायचं

कार्डिओलॉजिस्ट दोन धोक्यांचं वजन करत असतात. एका पारड्यात स्टेंटमध्ये गाठ होऊन तो बंद पडणं, दुसऱ्या पारड्यात रक्तस्राव. हार्ट अटॅक येऊन स्टेंट टाकला असेल तर पहिलं पारडं जड, म्हणून जोरदार गोळी आणि साधारण १२ महिने दोन्ही. ठरवून टाकला असेल तर साधारण ६ महिने, आणि तिथे बहुतेक क्लोपिडोग्रेल. रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर हा काळ आणखी कमी करतात, कधी १ ते ३ महिन्यांवरही आणतात. शेजारच्या बिल्डिंगमधल्या गृहस्थांना वर्षभर सांगितलं आणि आपल्या बाबांना तीनच महिने, म्हणून डॉक्टर चुकले असं नसतं.

रक्तस्रावाचं पारडं जड करणाऱ्या गोष्टी म्हणजे हिमोग्लोबिन ११ च्या खाली, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, किडनी खूप कमजोर, अलीकडे मोठा रक्तस्राव, वय ७५ च्या पुढे, स्टिरॉइड किंवा दुखण्याच्या गोळ्या कायम चालू, आणि रक्त गोठू न देणारं दुसरं औषध चालू असणं. हे शेवटचं नीट ऐका. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान किंवा वॉरफेरिनसारखी गोळी चालू असते. त्यांना स्टेंट पडला की तिन्ही एकत्र फार दिवस चालवत नाहीत, ॲस्पिरिन बऱ्याचदा आठवडाभरात, काहींना जास्तीत जास्त महिनाभरात थांबवतात आणि सोबत क्लोपिडोग्रेल ठेवतात. तुमच्या घरी तिन्ही चालू असतील तर “ॲस्पिरिन कुठल्या तारखेला थांबवायची” हे पहिल्याच भेटीत विचारा.

प्रश्न थोडेच न्या. दोन्ही गोळ्या कुठल्या तारखेपर्यंत? त्यानंतर कुठली एक चालू राहणार? माझ्या वजनाला आणि किडनीला हा डोस बरोबर आहे ना? पोटासाठी कुठली गोळी? आणि अडचण आली तर कुठल्या नंबरवर फोन करायचा? तारीख सांगितली की तिथेच कागदावर लिहा, “सहा महिने” असं नको, दिवस-महिना-वर्ष लिहा.

एक गैरसमज इथेच काढते. “रक्त किती पातळ झालंय ते टेस्ट करून बघू” म्हणून लोक स्वतःच लॅबमध्ये पीटी-आयएनआर करून येतात आणि तो १ आला की घाबरतात, गोळी लागू पडत नाही म्हणून. ती तपासणी वॉरफेरिनसारख्या औषधांची आहे. या गोळ्यांचा परिणाम त्यात दिसत नाही. प्लेटलेटचा आकडाही या गोळ्यांनी कमी व्हायचा नसतो, प्लेटलेट तेवढ्याच राहतात, एकमेकींना चिकटणं कमी होतं. प्लेटलेट किती चिकटतात ते मोजणारी वेगळी तपासणी असते, क्लोपिडोग्रेल शरीरात नीट लागू पडते का ते बघणारी जीनची तपासणीही असते (आपल्या भागातल्या बऱ्याच लोकांमध्ये ती कमी लागू पडणारा प्रकार सापडतो), पण या सरसकट सगळ्यांना करायच्या नाहीत, गरज वाटली तर डॉक्टर सांगतील. आकडा बघून घरी गोळी वाढवणं तर अजिबातच नाही.

टप्पा ५: वेळ बसवा

ॲस्पिरिन जेवणानंतर, पाण्याबरोबर, न चावता आणि न तोडता, कारण तिच्यावर पोट वाचवायचं आवरण असतं. क्लोपिडोग्रेल आणि टिकाग्रेलॉर जेवणाआधी-नंतर कशाही चालतात, म्हणून एकादशी किंवा नवरात्राचा उपास असला तरी चुकवायचं कारणच नाही. ॲस्पिरिनचं काय करायचं ते उपासाआधी विचारून घ्या, दूध-केळं काहीतरी पोटात टाकून घेतली तर बहुतेकांचं भागतं.

टिकाग्रेलॉरवाल्यांनी जास्त लक्ष द्या, ती बारा-बारा तासांनी घ्यायची असते. डॉक्टर ‘सकाळ-संध्याकाळ’ म्हणतात आणि माणूस आठ-आठ अशी वेळ धरतो, पण रात्री आठला तो ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये तुर्भे आणि ऐरोलीच्या मध्ये लोंबकळत असतो, गोळी घरी. घरी पोचेपर्यंत साडेनऊ, जेवण, झोप, गोळी राहिली. म्हणून दोन्ही वेळा तुम्ही नक्की घरी असता अशा धरा, सकाळी सात संध्याकाळी सात जमत नसेल तर साडेनऊ-साडेनऊ, आणि दोन गोळ्या कायम ऑफिसच्या बॅगेत ठेवा, दर महिन्याला बदला.

प्रासुग्रेल दमट हवेत खराब होते, ती पत्त्यातून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात तर नकोच. घ्यायच्या वेळीच काढायची.

राहिली तर काय? टिकाग्रेलॉर राहिली तर पुढची ठरल्या वेळी एकच घ्यायची. क्लोपिडोग्रेल बारा तासांच्या आत आठवली तर घ्या, त्यापुढे गेलं तर सोडा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी. भरपाई म्हणून दोन गोळ्या कधीच एकत्र नाहीत. आणि पहिल्या महिन्यात पूर्ण एक दिवस जरी हुकला तरी डॉक्टरांना फोन करून सांगा, ओरडतील म्हणून लपवू नका. स्टेंट बंद पडायचा धोका पहिल्या ३० दिवसांत सगळ्यात जास्त असतो.

पैशांचा विषय स्पष्ट बोलते. टिकाग्रेलॉर महाग पडते म्हणून दोनदाऐवजी एकदाच घेणारे, एक दिवसाआड घेणारे लोक आहेत आणि ते काउंटरवर हळू आवाजात सांगतात. अर्ध्या डोसने अर्धं संरक्षण मिळत नाही, मध्येच काही तास गोळीचा असर उतरलेला राहतो. परवडत नसेल तर डॉक्टरांना सरळ सांगा, त्यात लाज कसली. स्वस्त कंपनीची तीच गोळी असते, जनऔषधी केंद्र असतं, आणि योग्य वेळ आल्यावर डॉक्टर क्लोपिडोग्रेलवर बदलूही शकतात. मात्र पहिल्या महिन्यात असं बदलणं ते सहसा टाळतात, आणि बदलताना पहिली क्लोपिडोग्रेल कधी आणि किती घ्यायची हे लिहूनच घ्यायचं, कारण तो पहिला डोस वेगळा असू शकतो.

स्टॉक: घरात कायम पंधरा दिवसांचा जास्तीचा साठा. गणपतीला कोकणात जाताना परतीच्या तारखेपेक्षा दहा दिवस जास्तीच्या गोळ्या, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत, गाडीच्या डिकीत नाही. गावच्या दुकानात टिकाग्रेलॉर मिळेलच असं धरून चालू नका.

टप्पा ६: सोबतची औषधं जी डोस बिघडवतात

आकडा बरोबर असूनही असर कमी किंवा जास्त होऊ शकतो, त्याला बाजूची औषधं कारण.

ॲसिडिटी: क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळायच्या, त्या क्लोपिडोग्रेलचा असर कमी करतात. बहुतेक डॉक्टर पॅन्टोप्राझोल लिहितात, तीच घ्या. घरात पडलेली कुठलीही ॲसिडिटीची कॅप्सूल सारखीच असं नसतं.

दुखणं: गुडघा दुखला, कंबर धरली, दात ठणकला की आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेल्या गोळ्या लोक सहज घेतात, चिठ्ठीही लागत नाही असं समजून. आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या कामात आडवी येते, दोन्हींनी पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि हृदयालाही त्या चांगल्या नाहीत. पॅरासिटामॉल घ्या, त्याने भागत नसेल तर विचारा. पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन मिसळलेल्या गोळ्याही खूप खपतात, इथेही मागची बाजू वाचायची.

इन्फेक्शन: टिकाग्रेलॉरसोबत क्लॅरिथ्रोमायसिन, आणि नायट्यासाठी सर्रास लिहिली जाणारी इट्राकोनाझोल, या दोन्हींनी टिकाग्रेलॉर रक्तात फार वाढते. पावसाळ्यात नायट्याचे पेशंट भरपूर, स्किनच्या डॉक्टरांना स्टेंटचं सांगितलेलंच नसतं. फ्लुकोनाझोल क्लोपिडोग्रेलचा असर कमी करू शकते. टीबीची औषधं सुरू झाली तर त्यातल्या रिफॅम्पिसिनने टिकाग्रेलॉरचा असर खूप उतरतो, म्हणून टीबीच्या डॉक्टरांनी आणि कार्डिओलॉजिस्टनी एकमेकांशी बोललंच पाहिजे.

जेवणातली लसूण-हळद खुशाल खा. त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल, गिंको, जास्त डोसचं फिश ऑइल हे विचारल्याशिवाय नको.

थांबा, तपासा: कुठल्याही नवीन डॉक्टरकडे, डेंटिस्टकडे, चष्म्याच्या डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य एकच, “मला अमुक तारखेला स्टेंट टाकलाय आणि या दोन गोळ्या चालू आहेत.”

टप्पा ७: रक्तस्राव, धाप आणि काय कधी मोठं

दाढी करताना रक्त जरा जास्त वेळ येणं, हातावर निळे डाग, ब्रश करताना हिरडीतून थोडं रक्त, हे होतं. गोळी बंद करायची नाही, पुढच्या भेटीत सांगायचं, वाढत असेल तर आधीच फोन. नाकातून रक्त आलं तर बसून पुढे वाका, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबून ठेवा. मान मागे टाकू नका.

लगेच हॉस्पिटल: डांबरासारखी काळी चिकट शी (लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण ते आपण घरी ठरवायचं नाही), रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवीत रक्त, न थांबणारा रक्तस्राव, अचानक भयंकर डोकेदुखी, हात-पाय लुळे पडणं, बोबडं बोलणं, आणि डोक्यावर पडणं, वरून जखम दिसत नसली तरीही. बाथरूममध्ये पाय घसरून डोकं आपटलं आणि “काही नाही झालं” म्हणून झोपले, असं करू नका.

टिकाग्रेलॉरने काहींना सुरुवातीला धाप लागल्यासारखं वाटतं, बसल्या बसल्या मोठा श्वास घ्यावासा वाटतो. बऱ्याचदा ते कमी होतं. पण ती धाप गोळीची की हृदयाची हे घरात कळत नाही, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतः बंद केली तर स्टेंटला संरक्षण राहत नाही. सहनच होत नसेल तर डॉक्टर दुसरी देतात.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं परत सुरू झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून थांबायचं नाही. १०८ ला फोन. घोडबंदर रोडला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये मुलाने स्वतः गाडी चालवत पेशंटला नेणं टाळा, आणि पेशंटने स्वतः गाडी चालवणं तर कधीच नाही. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तिथल्या डॉक्टरांची पाच मिनिटं वाचतात.

टप्पा ८: डेंग्यू, दात आणि ऑपरेशन

जुलै ते ऑक्टोबर ठाणे-नवी मुंबईत ताप आला की डेंग्यू-मलेरियाची शंका घ्यावीच लागते. स्टेंटच्या पेशंटला ताप आला तर पहिल्याच दिवशी तापाच्या डॉक्टरांना स्टेंटचं सांगा, सांगितल्याप्रमाणे सीबीसी करा, तापाला फक्त पॅरासिटामॉल. प्लेटलेट उतरायला लागल्या की त्याच दिवशी कार्डिओलॉजिस्टला रिपोर्ट पाठवा. किती आकड्याला कुठली गोळी थांबवायची हे स्टेंट किती जुना आहे त्यावर बदलतं, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांच्या वेळी काय केलं ते इथे लागू नाही. पपईच्या पानांचा रस देत दोन दिवस वाट बघत बसू नका.

दात काढणं आणि मोतीबिंदू यासाठी बहुतेक वेळा गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत, तरी डेंटिस्टने किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी “पाच दिवस बंद करून या” म्हटलं तर बंद करण्याआधी कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी आणा. माझ्या मावशीच्या यजमानांनी स्टेंटनंतर दुसऱ्याच महिन्यात दाढेसाठी दोन्ही गोळ्या स्वतःच थांबवल्या होत्या, चार दिवसांनी छातीत दुखून परत कॅथलॅबमध्ये (जिथे स्टेंट टाकतात तिथे) न्यावं लागलं. ते वाचले. ती दाढ आणखी चार महिने थांबली असती तरी चाललं असतं.

मोठं ऑपरेशन पुढे ढकलता येत असेल तर पहिला महिना तरी नकोच, आणि शक्यतो दोन्ही गोळ्यांचा काळ संपेपर्यंत. करावंच लागलं तर साधारण टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस, क्लोपिडोग्रेल ५ दिवस आणि प्रासुग्रेल ७ दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुतेक चालूच ठेवतात. हे आकडे स्वतः अमलात आणायला दिलेले नाहीत. सर्जनच्या चिठ्ठीवर “रक्त पातळ गोळ्या बंद” एवढंच लिहिलं असेल तर कुठली, कधीपासून आणि परत कधी सुरू, हे तिन्ही विचारा. परत सुरू करायची तारीख लिहिलेली नसते आणि मग गोळी कायमचीच बंद राहते.

टप्पा ९: ठरलेली तारीख आल्यावर

चौथ्या रकान्यातली तारीख आली की गोळी आपोआप बंद करायची नाही. तारखेच्या आधीच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घ्या, नवीन सीबीसी आणि क्रिएटिनिन घेऊन जा, मधल्या काळात रक्तस्राव झाला असेल, वजन उतरलं असेल, पुन्हा छातीत दुखलं असेल तर तेही लिहून न्या. डॉक्टर बहुतेक दोनपैकी एक गोळी थांबवतात आणि एक कायम ठेवतात, बऱ्याचदा ॲस्पिरिन, काहींना क्लोपिडोग्रेल. काही मोजक्या पेशंटना वर्षानंतरही टिकाग्रेलॉर ६० एमजी दिवसातून दोनदा अशी कमी डोसने पुढे चालवतात. म्हणून ९० चे उरलेले पत्ते ६० च्या जागी चालवून घ्यायचे नाहीत.

इथली नेहमीची चूक म्हणजे “एक बंद करा” ऐकून घरी येऊन दोन्ही बंद होतात. किंवा एकत्र गोळी होती, डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल थांबवली, घरच्यांनी ती गोळीच बंद केली आणि तिच्यातली ॲस्पिरिनही गेली, कोलेस्टेरॉलची असेल तर तीही गेली. ओपीडीतून बाहेर पडण्याआधी नवीन चिठ्ठीवरून चार रकान्यांचा नवीन कागद तिथेच बाकावर बसून लिहा, जुना फाडून टाका. घरी आल्यावर थांबवलेल्या गोळीचे पत्ते त्याच संध्याकाळी डब्यातून बाहेर काढा, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनाही स्टेंट आहे म्हणून ते त्यांना देऊ नका, त्यांचं वजन, त्यांची किडनी आणि त्यांची तारीख वेगळी आहे.